अँड्र्यू लेडिस : शुद्धीवर आलेल्या माणसाचं प्रकरण

‘शटर आयलंड’ पाहिला नसेल तर आधी तो पाहा आणि मग इकडे या. शेवट लपवून या प्रकरणाबद्दल धड काही बोलताच येत नाही, त्यामुळे तो पुढच्याच परिच्छेदात फुटणार आहे.

साल १९५४. बॉस्टनच्या बंदराबाहेर एका बेटावर ॲशक्लिफ नावाचं इस्पितळ आहे, गुन्हेगार मनोरुग्णांसाठीचं. तिथे दोन वर्षांपासून अँड्र्यू लेडिस नावाचा रुग्ण आहे. महायुद्धात लढलेला, दाखाउची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथे हजर असलेला, नंतर फेडरल मार्शल झालेला. त्याच्या बायकोने, डोलोरेसने, त्यांच्या तिन्ही मुलांना घरामागच्या तळ्यात बुडवून मारलं. तो घरी आला, मुलांना पाण्यातून काढून काठावर निजवलं आणि मग बायकोला गोळी घातली. तिचं मन ठिकाणावर नाही, हे त्याला आधीपासून दिसत होतं. शहरातल्या घराला तिने एकदा आगही लावली होती. त्याने डॉक्टर गाठण्याऐवजी बिऱ्हाड तळ्याकाठी हलवलं आणि बाटली जवळ केली.

हे ज्याला सोसवलं नाही तो अँड्र्यू उरलाच नाही. त्याच्या जागी मार्शल टेडी डॅनियल्स आला. टेडीच्या हिशेबी तो या बेटावर तपासाला आलेला आहे. रेचल सोलँडो नावाची रुग्ण कुलूपबंद खोलीतून अनवाणी गायब झाली आहे आणि तिला शोधायचं आहे. डॉ. कॉली आणि डॉ. शीहान ठरवतात की या वेळी त्याला अडवायचं नाही. त्याची गोष्ट त्याला शेवटपर्यंत खेळू द्यायची, म्हणजे ती कुठे तुटते ते त्याचं त्यालाच दिसेल. अख्खं इस्पितळ नाटकात सामील होतं. शीहान स्वतः टेडीचा जोडीदार चक होतो. हे फसलं तर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडणारी शस्त्रक्रिया. अँड्र्यू आधी एक मोठा हल्ला करून बसला आहे आणि व्यवस्थापनाचा धीर संपला आहे.

डेनिस लेहेन यांची कादंबरी २००३ सालची. चित्रपट २०१० चा, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी, पटकथा लिटा कॅलोग्रिडिस. ‘तो वेडा होता की त्याला वेडा ठरवला?’ हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. उपचार यशस्वी झाला, असं माझं मत आहे, आणि नेमकं तेच या प्रकरणातलं भयंकर आहे.

भ्रमाचं सामान

भ्रमिष्ट माणूस असंबद्ध बडबडतो, असा आपला एक ढोबळ समज असतो. टेडीचं बोलणं तसं नाही. एकाला एक लागून, वकिलाच्या थाटाचं आहे. पायाचा दगड तेवढा खोटा, त्यावरची भिंत अगदी ओळंब्यात.

शिवाय भिंतीच्या विटा खऱ्या आहेत. टेडीला वाटतं की सरकारच्या पैशाने इथे माणसांच्या मेंदूवर प्रयोग चालतात. अमेरिकेच्या सीआयएने एप्रिल १९५३ मध्ये ‘एमके-अल्ट्रा’ कार्यक्रमाला मंजुरी दिली होती आणि त्यात माणसांना नकळत एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य दिलं गेलं. लोकांना ते कळलं १९७५ मध्ये. टेडी जर्मन डॉक्टरकडे संशयाने बघतो. युद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांना अमेरिकेत आणून कामाला लावलं गेलं होतंच. देशात लपलेल्या कम्युनिस्टांच्या शोधाने तर त्या वर्षी कहर केला होता. सेनेटर मॅकार्थी आणि लष्कर यांच्यातली सुनावणी १९५४ च्या उन्हाळ्यापर्यंत लोक टीव्हीवर बघत होते. म्हणजे भ्रम हवेतून आलेला नाही. काळाने जे सामान समोर टाकलं होतं त्यातूनच तो उभा राहिला आहे, आणि म्हणून प्रेक्षक टेडीच्या बाजूने सहज उभा राहतो. शहाण्या माणसालाही तेव्हा हेच वाटलं असतं.

पण विटा कुठल्या, यापेक्षा कुठली वीट कुठे हलवली आहे ते पाहण्यासारखं आहे. टेडीच्या गोष्टीत तीन मुलांना बुडवणारी आई आहेच, फक्त ती रेचल सोलँडो, म्हणजे परकी. त्याची बायको मेली आहेच, फक्त आगीत, धुराने गुदमरून. आग लावणारा एक नराधम आहे आणि त्याचं नाव अँड्र्यू लेडिस. स्वतःचं खरं नाव त्याने खलनायकाला देऊन टाकलं आहे आणि आता तो त्याला शोधत बेटभर हिंडतो आहे. इंग्रजीत ‘एडवर्ड डॅनियल्स’ची १३ अक्षरं उलटसुलट केली की ‘अँड्र्यू लेडिस’ होतं. ‘रेचल सोलँडो’चं ‘डोलोरेस शनाल’ होतं, बायकोचं माहेरचं नाव. चार नावं, त्यात माणसं दोनच. खोलीतल्या फरशीखाली सापडलेल्या चिठ्ठीतला ‘चारचा नियम’ तो हाच. इस्पितळात ६६ रुग्ण आहेत आणि चिठ्ठी विचारते ६७ वा कोण. विचारणाराच तो.

सगळ्यात जिव्हारी लागणारी अदलाबदल दाखाउची. अमेरिकी सैन्य २९ एप्रिल १९४५ ला त्या छावणीत शिरलं आणि शरण आलेल्या काही पहारेकऱ्यांना सैनिकांनी गोळ्या घातल्या, हा इतिहास आहे. टेडीला ते आठवतं, आणि बर्फात पडलेल्या प्रेतांत एक लहान मुलगी दिसते. ती डोळे उघडून त्याला विचारते, मला का वाचवलं नाहीस? चेहरा त्याच्या मुलीचा आहे. स्वतःच्या घरामागच्या तळ्यापेक्षा छळछावणी आठवणं सोपं जातं, यावरून त्या तळ्याची खोली समजावी. आणखी एक बारकावा आहे. शेवटी कॉली त्याला सांगतात की तू दाखाउला होतास, पण तू तिथे कोणा पहारेकऱ्याला मारलंस असंही नसेल. म्हणजे डॉक्टरांच्या कागदपत्रांतही ती एक जागा रिकामीच आहे.

इथे माक्स फॉन सिडो यांनी रंगवलेला डॉ. नेरिंग, तोच तो जर्मन डॉक्टर, एक शब्दखेळ करतो. ‘ट्रॉमा’ हा ग्रीकमध्ये जखमेसाठीचा शब्द, आणि जर्मनमध्ये स्वप्नाला म्हणतात ‘ट्राउम’. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्हींचं काही नातं नाही, नुसतं ध्वनिसाम्य. पण या रुग्णाची जखम बोलते ती स्वप्नातच. राख पडत असलेल्या घरात डोलोरेस उभी आहे आणि तिची पाठ जळून कोळसा झाली आहे, म्हणजे टेडीची गोष्ट शाबूत. पण तिच्या पोटातून रक्त येतंय, अंगातून पाणी निथळतंय, आणि बोलण्यात तळ्याकाठच्या घराचा विषय निघतो. एकाच स्वप्नात दोन जबान्या नोंदवल्या गेल्या आहेत आणि आपण पहिल्यांदा बघताना फक्त राखेकडे बघतो.

ग्लास

या चित्रपटावर फसवणुकीचा आरोप होतो तेव्हा मला ग्लासचा प्रसंग आठवतो. टेडी आणि चक एका स्त्री रुग्णाची जबानी घेत आहेत. नवऱ्याला कुऱ्हाडीने मारून आलेली ही बाई. ती पाणी मागते, चक आणून देतो. ती हात तोंडाकडे नेते आणि पिते, पण क्षणभर हातात ग्लासच नाही. पुढच्या क्षणी ती रिकामा ग्लास टेबलावर ठेवते. सलगतेची चूक म्हणून अनेकांनी यावर बोट ठेवलं. संकलन थेल्मा स्कूनमेकर यांचं आहे. तोवर संकलनाची तीन ऑस्कर त्यांच्या नावावर होती. अशा बाईंकडून ग्लास चुकून निसटेल यावर माझा विश्वास बसत नाही. टेडीला पाणी दिसत नाही, एवढंच तिथे दाखवलं आहे.

कारण पाणी म्हणजे तळं. बोटीत पहिल्याच प्रसंगात तो आजारी पडून स्वतःला बजावतो की हे नुसतं पाणी आहे. आणि आग दिसली की तो त्याच्या गोष्टीत सुखरूप असतो. गुहेत शेकोटीपाशी बसलेली ‘खरी’ रेचल, स्वप्नात शेकोटीपाशी दिसणारा लेडिस. जिथे जाळ आहे तिथे शंका घ्यावी. फक्त जॉर्ज नॉइस या रुग्णाच्या कोठडीत हा हिशेब चुकतो. तिथेही टेडी काड्या ओढतो, पण नॉइस खरंच बोलतो. चेहरा सुजलेला, फुटलेला. टेडी विचारतो, हे कोणी केलं? नॉइस सांगतो, तू. टेडी त्याचा लाक्षणिक अर्थ लावतो आणि आपणही लावतो. नॉइसने शब्दशः सांगितलं होतं. त्याने अँड्र्यूला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, म्हणून अँड्र्यूने त्याला तसं मारलं होतं.

दुसऱ्यांदा बघताना हा वेगळाच चित्रपट होतो. फाटकापाशी पहारेकरी बंदुका सरसावून उभे आहेत, कारण त्यांच्यातला सगळ्यात धोकादायक रुग्ण मोकळा हिंडतोय. मार्शल म्हणवणाऱ्या चकला कमरेचं पिस्तूल धड सोडवता येत नाही, कारण तो डॉक्टर आहे. हरवलेल्या बाईला शोधायला निघालेली माणसं खडकांवर टेकून बसली आहेत. त्यांना कोणी सापडायचंच नाहीये. आणि चक झालेला मार्क रफॅलो बहुतेक प्रसंगांत परिसराकडे न बघता टेडीकडे बघतो. पहिल्यांदा ती जोडीदाराची आस्था वाटते. ती आहेच, पण त्यात दोन वर्षं एकाच रुग्णाशी झटलेल्या माणसाची धास्तीही आहे.

या चित्रपटाला खास रचलेलं पार्श्वसंगीत नाही. रॉबी रॉबर्टसन यांनी बहुतांशी विसाव्या शतकातल्या अभिजात रचना निवडून लावल्या. बेटावर गाडी इस्पितळाच्या फाटकाकडे जाते तेव्हा पेंडेरेत्स्की यांच्या तिसऱ्या सिंफनीतला तुकडा छातीवर बसतो. पडद्यावर तेव्हा काय आहे? हिरवळ, विटांच्या इमारती, बागकाम करणारे रुग्ण. भीती पूर्णपणे संगीतात आहे. म्हणजे ते संगीत त्या जागेचं नसून टेडीच्या डोक्यातलं आहे, आणि आपण पहिल्या पाच-दहा मिनिटांतच तिथे राहायला गेलेले असतो.

उलट बाजू

तरीही उलट बाजूचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. गुहेतली रेचल सांगते की ती इथली डॉक्टर होती, प्रश्न विचारले म्हणून तिला वेडी ठरवलं, आणि एकदा तसं ठरलं की पुढचं प्रत्येक बोलणं त्याचाच पुरावा होतं. यात तथ्य आहे. १९७३ मध्ये डेव्हिड रोझनहान यांनी असाच दावा छापला. धडधाकट माणसं खोटी लक्षणं सांगून इस्पितळांत भरती झाली आणि आत गेल्यावर नीट वागूनही त्यांना कोणी ओळखलं नाही, असा. गंमत म्हणजे पुढे त्या प्रयोगाच्याच खरेपणावर गंभीर शंका घेतल्या गेल्या. कोण कोणाला फसवतंय हा प्रश्न या क्षेत्राचा पिच्छा सोडत नाही.

पण टेडी निर्दोष मार्शल होता असं मानलं, तर तळ्याचा प्रसंग कुठे बसवायचा? तिथली दुपार उन्हाची आहे, संगीत नाही, कॅमेरा शांत आहे. डोलोरेस म्हणते की मुलांना टेबलाशी बसवू, कपडे बदलू, उद्या फिरायला नेऊ. असा तपशील कोणी दुसऱ्याच्या डोक्यात घालू शकत नाही. डोलोरेस झालेल्या मिशेल विल्यम्सचा तो शांत चेहरा पाहिल्यावर तर मला कटाच्या तर्कात काही रस उरत नाही.

औषध आणि हत्यार

१९५४ हे साल लेहेन यांनी डोळसपणे निवडलं आहे. लोबोटॉमीच्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळालं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून ती झटपट करायला सुरुवात केली होती. दुसऱ्या बाजूला क्लोरप्रोमाझिन हे मनोरुग्णांसाठीचं औषध आलं होतं. पॅरिसमध्ये देले आणि देनिकेर यांनी १९५२ मध्ये मनोरुग्णांवरचे परिणाम मांडले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. हत्याराचे दिवस सरत होते आणि गोळ्यांचे सुरू होत होते. कॉलींना दोन्ही नको आहेत. रुग्णाशी बोलावं, त्याचं ऐकावं, असं मानणारा हा डॉक्टर आहे.

एक खुसपट काढतो. कॉली म्हणतात की अँड्र्यू २४ महिने क्लोरप्रोमाझिनवर आहे. पॅरिसमध्येच १९५२ ला ज्याचा गवगवा सुरू झाला, ते औषध मॅसॅच्युसेट्सच्या बेटावर तेव्हापासूनच दिलं जात होतं, हे जरा ओढूनताणून आहे. पण कथेला त्याची गरज होती. नाटकासाठी औषध थांबवलं, म्हणून टेडीचे हात थरथरतात, डोकं ठणकतं, भास वाढतात. विषप्रयोग होतोय असं त्याला वाटतं तेव्हा शरीर खरंच काहीतरी भोगत असतं.

उपचार

कॉलींची कल्पना अगदीच कपोलकल्पित नाही. याकोब मोरेनो यांनी रुग्णाला स्वतःची गोष्ट रंगमंचावर करायला लावण्याची पद्धत कित्येक दशकं आधी मांडली होती. पण मोरेनोंच्या रुग्णाला माहीत असे की हे नाटक आहे. अँड्र्यू सोडून सगळ्यांना माहीत असलेलं नाटक ही वेगळी चीज झाली.

त्याच्या जवळ जाणारा खरा प्रयोग पुढे १९५९ मध्ये मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथे झाला. स्वतःला ख्रिस्त समजणाऱ्या तीन रुग्णांना मिल्टन रोकीच यांनी एकत्र ठेवलं. तिघे एकमेकांना भेटले की भ्रमाला तडा जाईल, असा कयास होता. रोकीच यांनी एका रुग्णाला त्याच्या कल्पनेतल्या बायकोच्या नावाने पत्रंसुद्धा लिहिली. तिघांपैकी कोणीही बरा झाला नाही. प्रत्येकाने इतर दोघे ख्रिस्त का नाहीत याची आपापली कारणं शोधली. बऱ्याच वर्षांनी रोकीच यांनी कबूल केलं की त्या तिघांचा भ्रम काही गेला नाही, पण देवासारखं वागण्याचा आपला भ्रम मात्र त्यांच्यामुळे गेला. त्या मानाने कॉली नशीबवान. त्यांचा रुग्ण दीपगृहात चिंब भिजून पोचतो, खेळण्यातल्या पिस्तुलाने गोळी झाडतो, फळ्यावरची नावं वाचतो, कोसळतो आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगतो. मुलांची नावं घेतो. बायकोला मी मारलं म्हणतो. ती आजारी आहे हे मला कळत होतं आणि मी काही केलं नाही, हेही म्हणतो.

आणि तिथे डॉक्टरांची तयारी संपते. भिंत पाडायला अख्खं बेट राबलं. पाडल्यावर हा माणूस आज रात्री कुठे झोपणार, त्याच्या उशाशी कोण बसणार, उद्या उठून तो कशासाठी दात घासणार, याबद्दल कॉलींकडे एक वाक्य नाही. त्यांना धास्ती आहे ती भ्रम परत येण्याची. नऊ महिन्यांपूर्वीही तू असाच शुद्धीवर आला होतास आणि परत गेलास, असं ते त्याला सांगतात. ते का घडलं असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माझ्या मते भ्रम हा त्याचा आजार जेवढा होता तेवढीच ती त्याने जखमेवर स्वतः बांधलेली पट्टी होती. वाईट बांधलेली, कुजलेली, इतरांना जखमी करणारी, पण पट्टीच. डॉक्टरांनी ती अत्यंत कौशल्याने सोडली आणि जखमेकडे न बघता पट्टीच तपासत बसले.

कॉलींना झोडपणं सोपं आहे. बेन किंग्जलींनी तो माणूस इतका सच्चा केला आहे की तसं करवत नाही. हत्यार टाळण्यासाठी त्याने आपली अब्रू पणाला लावली आहे. पण त्याला आपल्या पद्धतीचा विजय हवा होता, आणि विजयाची खूण म्हणून त्याने एकच गोष्ट ठरवली होती : रुग्ण खरं बोलला पाहिजे.

पायऱ्यांवरची सकाळ

दुसऱ्या सकाळी अँड्र्यू इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसला आहे. शीहान शेजारी येऊन सिगारेट देतो. अँड्र्यू त्याला चक म्हणून हाक मारतो आणि या बेटावरून निघायला हवं म्हणतो. शीहान दूर उभ्या कॉलींकडे बघून मान हलवतो. नाही जमलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन निघतात.

मग अँड्र्यू विचारतो की जास्त वाईट काय, राक्षस म्हणून जगणं की भला माणूस म्हणून मरणं. कादंबरीत हा प्रश्न नाही. चित्रपटाचे मनोविकार सल्लागार होते डॉ. जेम्स गिलिगन, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरच्या अशाच इस्पितळाचे एकेकाळचे प्रमुख. त्यांनी या वाक्याचा अर्थ उघडच लावला : हा माणूस अपराधाच्या ओझ्याने जगू शकत नाही, आणि स्वतः जीव देण्याऐवजी त्याने स्वतःला शस्त्रक्रियेच्या हवाली केलं आहे. मला तो अर्थ पटतो. राक्षस हा शब्द टेडी स्वतःबद्दल वापरणार नाही, तो तर नायक आहे. हे वाक्य फक्त अँड्र्यू बोलू शकतो. डॉक्टरांनी त्याच्यापुढे एवढं मोठं नाटक केलं, आता पाच मिनिटं तो त्यांच्यापुढे करतो आहे, आणि त्याचं नाटक त्यांच्यापेक्षा चांगलं वठतं.

तो उठतो, त्या माणसांकडे चालू लागतो. शीहान अर्धवट उठून हाक मारतो, ‘टेडी?’ दोन वर्षं ज्या नावातून त्याला बाहेर काढायची खटपट चालली होती, तेच नाव. अँड्र्यू वळत नाही. शीहानला त्या क्षणी कळलेलं असतं. कॉली काही पावलांवर उभे असतात, आवाज सहज पोचेल इतक्या. शीहान दुसरी हाक मारत नाही.